उलट गुंडाळी

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सकाळी ऑक्सिजनचं यंत्र परत करून आले. दुकानातल्या मुलीने विचारलं, "पेशंट बरे झाले का?" मी म्हटलं, "आता गरज नाही." तिने पावती फाडून दिली. घरी येताना दुधाची एक पिशवी उद्यापासून कमी करायला सांगितली. दुपारी तुमचं पार्सल आलं.

भावोजी, मायन्यात काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून नुसतं भावोजी लिहिते.

पार्सलमध्ये शोकसभेचा फोटो निघाला, चौकटीत बसवलेला. तुम्ही माईकसमोर उभे आहात आणि मागे भिंतीवर ह्यांचा फोटो आहे, त्यातला अर्धा तुमच्या खांद्याआड गेला आहे. तुमचा फोटो चांगला आला आहे. मी तो कागदात गुंडाळून परत ठेवला.

मी कमी बोलते हे तुम्हाला माहीत आहे. लग्न होऊन घरात आले तेव्हा तुम्हीच म्हणायचात, "वहिनी म्हणजे बंद पडलेला रेडिओ. थापट मारली की एक वाक्य येतं." शोकसभेत तुम्ही थापट मारलीत. वाक्य यायला इतके दिवस लागले, एवढंच.

तुम्ही काय बोललात ते मला पाठ आहे. "माझा दादा अगदी साधा माणूस होता. मी मैदान गाजवायचो आणि तो घरी बसून माझ्या स्टिकला पट्ट्या गुंडाळायचा." हॉल हसला. मायेने हसला, हे मलाही कळलं. मग तुम्ही घड्याळ बघितलंत.

पट्ट्या गुंडाळायचा. सख्ख्या भावाचं सगळं आयुष्य तुम्ही त्या एका वाक्यात गुंडाळलंत आणि विमानतळावर गेलात.

आता मी सांगते ते एकदा वाचा. हे स्टिक म्हणत नसत, काठी म्हणत. तुमच्यासाठी काठी आणायची म्हणजे आमची एक सुट्टी जायची. दुकानदार आम्हाला रस्त्यातच बघून ओरडायचा, "आले! स्टूल काढा रे, आता दुकान बंद होईपर्यंत हे हलत नाहीत." एकेक काठी हे खिडकीपाशी न्यायचे. लाकडाच्या रेषा दांड्यातून खाली उतरून वाकणाबरोबर वळायला हव्यात. मध्येच कडेला निघून गेल्या असतील तर काठी परत. मग बोटावर तोलून बघायची. मग डोळे मिटून फरशीवर ठोकायची. भरीव वाजली तर बाजूला, किणकिणली तर परत. दुकानदार हात जोडून म्हणायचा, "अहो, हॉकी खेळायचीय की वाजवायचीय?" हे म्हणायचे, "माझ्या भावाच्या हातात वाजली पाहिजे."

घरी आणल्यावर पॉलिश पेपर, तेल, वाकणावर फायबरची पट्टी. ग्रिप सगळ्यात शेवटी. आणि ग्रिपच्या आत, तुमचा डावा हात जिथे येतो तिथे, करंगळीच्या जागी एक जादा पदर. लहानपणी तुमचं ते बोट दारात चेचलं होतं, पूर्ण मिटत नाही. तो पदर कुठे संपला पाहिजे ते ह्यांना तुमचा हात न बघता माहीत होतं. तुम्ही कधी विचारलंत का, की दादाचीच काठी माझ्या हाताला का बसते? मला आठवत नाही. विचारलं असतंत तरी त्यांनी सांगितलं नसतं.

आणि गुंडाळायला ते एकटे नसायचे. ते समोर बसून पट्टी ताणून धरायचे आणि काठी मी फिरवायची. तुम्ही दाराशी बूट घालत असायचात, तुम्हाला दिसत होतं.

उत्तर नको. वाचलंत की पुरे.

वहिनी

.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज वाचनालयाचं पुस्तक परत केलं. ह्यांनी अर्ध्यात खूण ठेवली होती, ती काढून घेतली. बाकी दिवस घरातच गेला.

भावोजी, उत्तर नको म्हटलं होतं तरी तुम्ही फोन केलात. फोनवर मला बोलता येत नाही, म्हणून जे बोलायचं राहिलं ते लिहिते. तुम्ही विसरला असाल म्हणून आपलं बोलणंही लिहिते.

तुम्ही म्हणालात, "वहिनी, एका शब्दावरून एवढं?"

मी म्हटलं, "शब्द तुमचा होता."

"लोकांना जरा हलकं वाटावं म्हणून बोललो. दादालासुद्धा हसू आलं असतं."

"विचारून घ्यायचं होतंत. इतकी वर्षं घरातच होते."

मग तुम्ही म्हणालात, "हे बघा, त्या फायनलचं मी सभेत काढलं नाही. तेवढे तरी उपकार माना."

उपकार.

तर मग आज मीच काढते. फायनल बरोबरीत होती, शेवटची काही मिनिटं होती, तुम्ही मारलेला फटका गोलात जायचा तो काठीच्या तुकड्याबरोबर बाजूला गेला. काठी वाकणाच्या वर मोडली. संध्याकाळी तुम्ही वार्ताहरांना सांगितलंत, "माझ्या भावाने तयार केलेली स्टिक होती. घरच्या माणसावर विश्वास ठेवला." दुसऱ्या दिवशी ते पहिल्या पानावर होतं. ज्या माणसाला तुम्ही आता साधा म्हणता, तो त्या दिवशीही कामावर गेला. डेपोतल्या हजेरी-कारकुनाला सगळे ड्रायव्हर ओळखतात. एकाने विचारलं, "काय साहेब, भावाला मुळ्याची काठी दिलीत का?" हे हसले. घरी येऊन मला सांगतानाही हसले. मग पेपर टेबलावर पालथा घातला आणि म्हणाले, "लाकूड आहे. मोडतं." त्यानंतर त्यावर एक शब्द नाही.

तुम्हाला मात्र त्यानंतर फोन करायला वेळ झाला नाही. स्टिका बनवणाऱ्या त्या कंपनीच्या जाहिराती, कंपनीच्या स्टिका, कंपनीची नोकरी. दिवस भराभर गेले असतील.

पण तो पेपर मी टाकला नाही. काल कपाटाच्या वरच्या फळीवरून काढला. तुम्ही गुडघ्यावर बसला आहात आणि मोडका दांडा तुमच्या हातात आहे. ग्रिप स्पष्ट दिसते. भावोजी, त्या ग्रिपच्या रेघा उजवीकडे चढतात. जगातल्या सगळ्या ग्रिपच्या चढतात तशा. आमच्या घरून गेलेल्या प्रत्येक काठीच्या रेघा डावीकडे चढायच्या. क्लबात सगळे त्याला उलट गुंडाळी म्हणायचे, चेष्टा करायचे. हे म्हणायचे, "ती माझी सही आहे."

फोटोतल्या काठीवर ती सही नाही. ती काठी ह्यांची नव्हती. कंपनीने तुम्हाला स्टिक दिली होती, तुम्ही ती फायनलला वापरलीत, ती मोडली, आणि कंपनीचं नाव घ्यायचं नव्हतं म्हणून भावाचं घेतलंत. तो काही बोलणार नाही, हे तुम्हाला माहीत होतं.

ह्यांनीही हा फोटो बघितला होता. सही नाही, हे त्यांना दिसलं नसेल असं मला वाटत नाही. तरी ते "लाकूड आहे, मोडतं" एवढंच म्हणाले.

मी तेवढी चांगली नाही.

वहिनी

.

रविवार, २३ फेब्रुवारी

सकाळी गाद्या उन्हात टाकल्या. अकराच्या बसने वाटाणा आली. संध्याकाळच्या बसने गेली.

तुमच्या मुलीला आम्ही वाटाणा म्हणतो हे तुम्हाला आवडत नाही, माहीत आहे. पण ते नाव तिच्या काकांनी ठेवलं आहे आणि ती त्याला ओ देते. ती इथे येणार हे तिने तुम्हाला सांगितलं नव्हतं. आता मी सांगते. चोरून येण्यासारखं हे घर नाही.

आधी तुमच्या काल आलेल्या चिठ्ठीबद्दल. "ती दादाचीच स्टिक होती. मुलीच्या शपथेवर सांगतो." शपथ घ्यायला तुम्हाला मुलगी सापडली. फायनलच्या संध्याकाळी भाऊ सापडला होता.

मुलगी खांद्यावर तुम्ही दिलेली कार्बनची स्टिक घेऊन आली. काळी, चकचकीत, तुमची छापील सही असलेली. दारातच म्हणाली, "काकू, मला ह्या स्टिकने पोटात मारलं."

"म्हणजे?"

"वाकले की दांडा इथे लागतो." तिने बरगडीखाली हात लावला. "म्हणून मी ताठ उभी राहते. आणि मॅडम ओरडतात, काय बससाठी उभी आहेस का!"

मी तिच्या शेजारी स्टिक उभी केली. कमरेच्या हाडाच्या बरीच वर गेली. मी विचारलं, "तुझ्या बाबांनी माप घेतलं नाही?"

"बाबा म्हणाले, वाढतं अंग आहे, एक नंबर मोठी असू दे. पुढच्या वर्षी बसेल."

भावोजी, शाळेचा स्वेटर घेतात तशी तुम्ही मुलीला स्टिक घेतलीत. ज्या माणसाच्या करंगळीसाठी वेगळा पदर लागायचा, त्याने.

तिची निवड चाचणी पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला आहे. गेल्या वर्षी शेवटच्या यादीतून नाव गेलं, हे तिने मला हसत सांगितलं. हसताना ती ह्यांच्यासारखी दिसते, खालचा ओठ आधी हलतो. जेवण झाल्यावर नखं बघत म्हणाली, "काकांनी माझ्यासाठी एक बघून ठेवली होती ना? आहे?"

आहे. पावसाळ्याच्या आधी ती आली होती तेव्हा ह्यांनी तिला दारापाशी उभं करून माप घेतलं होतं. मग दुकानात गेलो. तेव्हा त्यांना दम लागायला लागला होता. दुकानदाराने न सांगता स्टूल काढलं. हे बसून होते आणि एकेक काठी खिडकीपाशी न्यायचं काम माझ्याकडे. "ही?" "नको." "ही?" "वळव जरा. नको." दुकानदार म्हणाला, "ताई, तुम्हीच नोकरी करा इथे." ती काठी निवडून आणली, तेल दिलं, वाकणावर पट्टी लावली. ग्रिप लावायची राहिली. मग बाकीचं सुरू झालं. काठी कपाटामागे उभी होती.

मी काढून तिच्या हातात दिली. लाकडी आहे, वरून फायबरचा थर. हल्ली सगळे कार्बनच्या वापरतात हे मलाही कळतं. तिने ती हातात घेतली आणि वाकली. कुठेच काही लागलं नाही. मागच्या अंगणात भिंतीवर चेंडू मारत राहिली. शेजारच्या बाईंनी खिडकीतून विचारलं, "घर पाडतेस का गं?" तर म्हणाली, "नाही मावशी, फक्त तुमची बाजू."

मग घाम पुसत आत आली आणि विचारलं, "काकू, बाबा म्हणतात काकांची काठी ऐनवेळी दगा देते. खरंच काकांची मोडली होती का?"

मी म्हटलं, "नाही."

पेपर काढून तिला फोटो दाखवला. रेघा दाखवल्या. तिने खूप वेळ बघितलं. वडिलांबद्दल असं कळल्यावर पोरीने काय करावं? तिने पेपर नीट घडी करून मला दिला. मग म्हणाली, "तर मग मला ही तयार करून द्या. काकांच्या सहीसकट. चाचणीला मी हीच नेणार."

"तुझे बाबा?"

"त्यांना फोटो बघितलाय म्हणून सांगेन."

तर आता तुम्हाला कळलं आहे. काठी पुढच्या आठवड्यात पाठवते. ती तिच्या हातातून काढून घेऊ नका.

वहिनी

.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

आज काहीच केलं नाही. म्हणजे सकाळपासून एकच काम केलं आणि ते झालं नाही.

भावोजी, हे पत्र मला लिहावंसं वाटत नाही. न लिहून चालणार नाही.

सकाळी ग्रिप आणि गोंद घेऊन बसले. काठीचं वाकण गुडघ्यांत धरलं, वरच्या टोकाला पट्टी चिकटवली आणि उजव्या हाताने ताणत ताणत खालपर्यंत आणली. चांगली जमली. इतकी वर्षं नुसती काठी फिरवत होते तरी हात बसला होता म्हणायचा. उभी करून बघितली तर रेघा उजवीकडे चढलेल्या.

मला वाटलं चुकले. सगळी उलगडली, पुन्हा घातली. परत उजवीकडे.

मग मी काठी टेबलावर ठेवली आणि आम्ही बसायचो तशी बसले. समोर ह्यांची खुर्ची. वाकण माझ्याकडे, मूठ त्यांच्याकडे. ते पट्टी ताणून जागच्या जागी धरायचे, त्यांचा हात फिरायचाच नाही. फिरायची ती काठी. आणि ती मी फिरवायची, बरणीचं झाकण उघडताना फिरवतो तशी. पहिल्या दिवशी तशी फिरवली म्हणून कायम तशीच. ह्यांनी कधी सांगितलं नाही की दुसरीकडून फिरव.

उलट गुंडाळी ह्यांची सही नव्हती. ती आम्ही समोरासमोर बसायचो म्हणून यायची. एकट्याने बसून केली तर कोणाचीही सरळच येते. ह्यांचीही आली असती.

आणि त्या फायनलच्या आधी मी घरी नव्हते. धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला गेले होते. तुम्ही काठी न्यायला आलात तेव्हा घरात हे एकटे होते.

म्हणजे फोटोतली काठी ह्यांची असू शकते. कंपनीची असू शकते. फोटोवरून सांगता येत नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी जन्म काढला, मुलांना रोज सांगायचे की एक गोष्ट बदलली की निकाल बदलतो. आणि स्वतःच्या घरात मी हे बघितलं नाही, कारण ती बदललेली गोष्ट मी होते.

तर तुम्हाला खोटं पाडायला माझ्याकडे जे होतं ते गेलं. ते मागे घेते. लेखी घेते, कारण आरोप लेखी केला होता.

राग मागे घेत नाही.

कारण आज दिवसभर मी दुसराच विचार करते आहे. समजा, ती ह्यांचीच होती. समजा, बघण्यात चूक झाली, लाकडात आत कुठे तडा होता, आणि ती मोडली. मोडू दे. त्याआधी सहा वर्षं तुम्ही ह्यांच्याच काठ्यांनी खेळलात. पेपरवाल्यांनी तुम्हाला वावटळ नाव दिलं ते त्या काठ्यांवर. त्या सहा वर्षांत एकदा तरी कुठल्या वार्ताहराला सांगितलंत का, की माझ्या भावाने तयार केलेली स्टिक आहे? मी सगळे पेपर वाचलेत. जिंकलात तेव्हा हात तुमचे होते. हरलात तेव्हा काठी त्यांची झाली. आणि गेल्या महिन्यात ते गेल्यावर तीसुद्धा राहिली नाही, नुसत्या पट्ट्या राहिल्या.

मी इतके दिवस फोटो धरून बसले होते. खरं म्हणजे तुमच्यावर रागवायला मला फोटो लागत नव्हता.

आता तुमच्याबद्दल एकच. तो मोडका दांडा तुम्ही ठेवला आहे असं वाटाणा म्हणाली, तुमच्या ऑफिसात कपाटावर आहे. त्याची ग्रिप कधी काढली नसेल तर करंगळीच्या जागी बोटाने दाबून बघा. पदर असेल तर काठी दादाची. नसेल तर नाही. मला काय निघालं ते कळवू नका. मला वाटतं तुम्हाला दाबून बघायचीही गरज नाही. ती हातात घेतलीत त्या दिवशीच तुमच्या करंगळीला कळलं असेल.

मुलीला मी संध्याकाळी फोन केला. तिला "नाही" म्हणून सांगितलं होतं, ते तसंच राहू देणं मला जमलं नसतं.

मी म्हटलं, "तुला फोटोवरून सांगितलं ना, ते बरोबर नाही. काकांची मोडली की नाही, मला माहीत नाही."

"म्हणजे मोडली असेल?"

"असेलही."

मागे तुमच्या घरचा टीव्ही ऐकू येत होता. ती म्हणाली, "म्हणजे हीसुद्धा मोडेल?"

"मोडू शकते. कुठलीही मोडू शकते. तुझ्या बाबांची घे, ती बहुतेक मोडणार नाही."

"ती पोटात लागते."

"ते आहे."

"काकांनी ही नीट बघितली होती ना?"

"उभं राहून माझे पाय दुखले, इतकी."

"मला हीच बसते, काकू." आणि मग, "सरळ गुंडाळी केलीत का?"

"झाली ती सरळच झाली."

"शी! उलटी पाहिजे. काकांची नसू दे, तुमची असू दे."

मी म्हटलं, त्याला दोन माणसं लागतात. ती म्हणाली, "मी येऊ का?" चाचणी तोंडावर आली आहे, सराव सोडून यायचं नाही, असं सांगून मी फोन ठेवला.

वहिनी

.

मंगळवार, ४ मार्च

सकाळी काठी तयार झाली. दुपारी पार्सल केलं. कुरिअरवाला म्हणाला, "लांब आहे, वाकवता येईल का?" मी म्हटलं, "नाही."

भावोजी, काठी तुमच्या पत्त्यावर पाठवली आहे, मुलीच्या नावाने. तुमच्या नकळत द्यायची असती तर मैदानावर पाठवली असती. तुमच्या हातून तिला मिळावी. उघडायची असेल तर उघडा. खिडकीपाशी न्या, रेषा बघा, फरशीवर ठोका. तुमच्या दादांनी सगळं केलं आहे, पण तुम्हीही करा. तुम्हाला ते कोणी शिकवलं नाही, कारण तुम्हाला कधी लागलं नाही.

नऊ तारखेला मी येणार आहे. मैदानाबाहेर बसेन. तिची निवड झाली तर तिने काय खेळ केला ते सांगा, काठीचं नाव घेऊ नका. नाही झाली तरी काठीचं नाव घेऊ नका. आणि मोडली, तर मला सांगा. मी ऐकून घेईन. पण तुमच्या दादांनी ऐकून घेतलं तसं नाही. मी उत्तर देईन.

शोकसभेचा फोटो याच पार्सलमध्ये परत ठेवला आहे. ह्यांचा पूर्ण फोटो माझ्याकडे आहे.

गुंडाळी उलटी झाली आहे. ती एकटीने कशी केली ते वाटाणा विचारेल, तर तिला हे वाचून दाखवा.

सरळ घातलेली ग्रिप मी आधी उलगडली. दांड्यावरचा गोंद पुसला. नवी पट्टी घेतली. काठीच्या टोकाला एक बाजू चिकटवली आणि पट्टीचं दुसरं टोक ह्यांच्या कपाटाच्या दारात घातलं. ते दार गच्च बसतं, आत कोट आहेत. किल्ली फिरवली. मग पट्टी ताणली जाईल इतकी मागे सरकले. मूठ कपाटाकडे, वाकण माझ्याकडे. पट्टी जागच्या जागी राहिली.

मग काठी फिरवायला लागले, झाकण उघडताना फिरवतो तशी. एक वेढा पडला की थोडं पुढे. पट्टी कुठे सैल पडली नाही. वेढे पडत गेले तसं कपाट जवळ येत गेलं. दाराला कपाळ टेकायच्या बेताला आले तेव्हा ग्रिप पुरी झाली होती. कात्री एप्रनच्या खिशात होती. पट्टी कापली, टोक दाबून बसवलं. दारातला तुकडा काढायला किल्ली फिरवून दार उघडलं, तुकडा काढला, एक कोट खाली घसरला होता तो हँगरवर नीट केला, आणि दार लावून घेतलं.